चौकोनी तिकीट

१

वाळवंट बघायला भर उन्हाळ्यात कोणी जात नाही. म्हणून तर ते भर उन्हाळ्यात परवडतं. हा शोध कंडक्टरांचा. सरकारी बसमधून ते निवृत्त होऊन बराच काळ लोटला होता, पण गल्लीत त्यांना अजूनही कंडक्टर म्हणूनच ओळखत, आणि दुसरं काही नाव असल्याचं त्यांच्याही फारसं लक्षात नसे. स्वस्तात प्रवास कसा करावा, यावर ते झोपेतसुद्धा तासभर बोलले असते.

सहलीचं खूळ मात्र त्यांच्या मुलीचं. तिला घरात बबडी म्हणत. हे नाव ऐकून कोणी फ्रॉकातली पोर डोळ्यांसमोर आणू नये. ही बबडी दूरच्या देशात राहून वाळवंटाच्या मातीवर मोठी पदवी घेऊन आली होती. तिथली नोकरी नाकारून आली होती. आपल्या माणसांना आपलीच जमीन ठाऊक नसते, ती त्यांना हाताला धरून दाखवली पाहिजे, असं ती भेटेल त्याला सांगायची आणि सांगताना तिचे डोळे भरून यायचे. पहिली माणसं अर्थातच आईवडील. जन्मात दोघांनी सहल म्हणून कुठे पाऊल टाकलं नव्हतं. बबडीची इथली नोकरी अजून सुरू व्हायची होती, म्हणून मामाची जुनी गाडी, घरचा डबा, आणि हा उन्हाळा.

एकच काळजी होती. आईची किडनी नाजूक होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, हिला पाणी कमी पडू द्यायचं नाही. "मी आहे ना," बबडी म्हणाली होती. शर्टांना काजंबटणं करून आईचे डोळे आणि पाठ दोन्ही गेले होते, पण मुलगी नेतेय म्हटल्यावर ती नव्या साडीत आदल्या दिवशीपासूनच तयार होती.

वाळवंटातल्या राखीव उद्यानाच्या दाराशी तिकिटांची एक खिडकी होती. बबडी गाडी लावायला गेली. तिथे सावली कुठेच नव्हती, तरी सवयीने ती शोधत राहिली. मग डिकीतून सामान काढून, दोन्ही खांद्यांवर पिशव्या लटकवून ती खिडकीशी आली, तोवर तिकीट निघालं होतं. एकच, जाडसर, चौकोनी.

"चौघांचं?" बबडी म्हणाली. "बाबा, आपण तिघं आहोत."

"हळू बोल," कंडक्टर म्हणाले. "तीन सुटी तिकिटं महाग पडतात. चौघांच्या कुटुंबाचं एक तिकीट स्वस्त. हा मूर्खपणा त्यांचा आहे, माझा नाही."

"खिडकीतल्या बाईने विचारलं नाही, बाकीचे कुठेत?"

"विचारलं की. म्हटलं, मुलगा गाडी लावतोय, मुलगी सामान काढतेय." त्यांनी मिशीतल्या मिशीत हसून घेतलं. "अगं, मिशा फुटलेल्या पोराला मांडीवर बसवून लोक माझ्याकडे हाफ तिकीट मागायचे. जन्मभर लोकांनी मला बनवलं. एकदा माझी पाळी नको?"

"हे बरोबर नाही. या तिकिटांवरच ही जागा जगते."

"थोरला भाऊ मिळाला तुला फुकटात, त्याचं काही नाही!" आई म्हणाली आणि पदराने तोंड झाकून हसली.

बबडी एकुलती एक. तिच्याआधी कोणी होऊन गेलेलं नव्हतं, तिच्यानंतर कोणी व्हायचं राहिलं नव्हतं. आमचं त्रिकोणी कुटुंब, असं कंडक्टर पाहुण्यांना सांगायचे, आणि त्यात खंत कधी नसायची. म्हणून तिलाही हसू आलं.

खिडकीवालीने गळ्याभोवतीचा ओला रुमाल नीट केला. तिघांच्या खांद्यांवरून तिची नजर पार गाडीपर्यंत गेली.

"त्याला म्हणावं तिथे उन्हात उभा राहू नकोस," ती म्हणाली आणि खिडकी ओढून घेतली.

२

गाडीपाशी कोणी नव्हतं. बबडीने वळून बघितलं होतं, त्यामुळे हे तिला पक्कं माहीत होतं. आरशावर ऊन चमकलं असेल. दिवसभर त्या भगभगाटाकडे बघत बसलेल्या बाईला काय काय दिसत असेल.

खोली सगळ्यात स्वस्त होती. पत्र्याचं छप्पर, एक दार, एक जाळीची खिडकी, आणि चार लोखंडी पलंग, भिंतीला पाठ लावून ओळीने. पाणीवाला हातगाडी घेऊन आला. त्याने चार कॅन उंबऱ्याशी आदळले.

"माणशी एक. उद्या निघेपर्यंत पुरवायचं. मागितलंत तरी मिळणार नाही."

"तीनच ठेवा," बबडी म्हणाली.

"तिकीट चौघांचं आहे." तो तिच्याकडे न बघताच गाडी ढकलत निघाला. "आणि त्याच्या वाटचं त्यालाच द्या. नंतर तक्रारी येतात."

"ऐकलंस?" कंडक्टर खूश झाले. "आईला जास्तीचं पाणी मिळालं. तुझ्या पुस्तकांत आहे का ही युक्ती?"

या एका गोष्टीपुढे बबडीची तत्त्वं गप्प बसली. चौथा कॅन आईसाठी राखून ठेवायचा ठरलं. तिने तो कोपऱ्यात, चौथ्या पलंगाखाली सरकवला.

सकाळी उठून बघते तर तो अर्धा रिकामा.

"आई, रात्री त्यातलं प्यायलीस?"

"छे गं, माझ्याच कॅनमधलं अजून आहे."

"बाबा?"

"मी कशाला हात लावू?"

बबडीने कॅन उचलला, बूड चाचपलं, खालची फरशी बघितली. कोरडी. झाकण घट्ट. सुकून जावं म्हणावं तर बाकीच्या तिन्हींत रात्री होतं तेवढंच पाणी होतं. उन्हाळ्यात प्लास्टिक फुगतं, सैल होतं, असं काहीतरी तिने स्वतःला सांगितलं, आणि ते फारसं न पटूनही पटवून घेतलं.

आई चादरींच्या घड्या करत होती. पलंग झाले, सामान आवरलं, आणि आई चौथ्या पलंगाशी जाऊन त्यावरची चादरही झटकायला लागली. चादरीतून बारीक रेती उडाली. रात्री त्या पलंगावर कोणी पिशवीसुद्धा ठेवली नव्हती.

"ही कशाला झटकतेस?"

"चुरगळलीय ना," आई म्हणाली.

३

उद्यानात फिरायला फळ्यांची वाट होती. जमिनीपासून वीतभर उंच, दोन माणसं शेजारी चालतील इतकी रुंद. दोन्ही बाजूंना काळसर, खडबडीत माती, वाळलेल्या जखमेवर खपली धरावी तशी.

"हे जिवंत आहे," बबडी सांगत होती. इथे ती वेगळीच व्हायची. घसा सुकला तरी थांबायची नाही. "डोळ्यांना दिसत नाहीत असे जीव रेतीचा कण कणाला धरून ठेवतात. म्हणून वाळवंट उडून जात नाही. एक पाऊल पडलं तर ही खपली तुटते, आणि पुन्हा धरायला आपलं आयुष्य पुरत नाही. म्हणून या फळ्या. खाली उतरायचं नाही."

"बसमधल्या फुटबोर्डासारखं," कंडक्टर म्हणाले. "पाय आत."

सकाळ होती, पण ऊन असं होतं की त्याला आवाज असावा. दुसरा कोणी प्रवासी नव्हता. मागे टेहळणीचा मनोरा होता, त्यावर भोंगा. तो खरखरला.

"चौकोनी तिकीटवाले."

तिघंही थांबले.

"तुमच्यातला एक जण खाली उतरलाय. त्याला वर घ्या."

बबडीने आईवडिलांच्या पायांकडे बघितलं. सगळे फळ्यांवर. तिने मनोऱ्याकडे तोंड करून तीन बोटं वर केली.

"हातवारे नकोत. त्याला वर घ्या. खपली तुटतेय."

तेव्हा तिने खाली बघितलं. आईच्या बाजूला, फळ्यांना लागून, खपलीत खड्डे पडले होते. एकामागून एक, पावलाएवढे, ते चालत आले त्या सबंध वाटेने. जुने असतील. कोणीतरी बेशिस्त माणूस कालपरवा गेला असेल. पण वारा नव्हता, आणि खड्ड्यांच्या कडांवरून अजून एकेक कण आत घरंगळत होता. शेवटचा खड्डा आईच्या बरोबर शेजारी होता. त्याच्यापुढची माती अखंड.

"चला परत," बबडी म्हणाली.

"एवढ्यात? अगं, तो टवाळी करतोय. कामधंदा नाही त्यांना." कंडक्टरांनी मनोऱ्याकडे बघून दोन्ही हात उंचावले. बसच्या दारातून ओरडावं तसं ते ओरडले, "घेतला! घेतला वर!"

"ठीक," भोंगा म्हणाला आणि बंद झाला.

ते परत फिरले. फळ्या पोकळ वाजत होत्या. बबडीला घरातली पावलं डोळे मिटून ओळखता यायची. बाबांची फाकलेली, चालत्या बसमध्ये तोल सावरायची सवय लागलेली. आईची फरफट. तिचे स्वतःचे जाड तळाचे बूट. आणि या तिन्हींच्या मधल्या फटींत, अगदी बेताचं, कोणाला त्रास होऊ नये असं, आणखी एक पाऊल वाजत होतं.

ती थांबली की सगळेच थांबत होते.

४

"बबडे, अशी माझ्याजवळून चाल," आई म्हणाली. "इकडे सावली आहे."

दूरदूरपर्यंत झाड नव्हतं, दगड नव्हता, खांब नव्हता. आकाशात ढगाचा धागा नव्हता. आईच्या उजव्या खांद्यावर आणि अर्ध्या चेहऱ्यावर सावली पडली होती. चालताना ती तिच्याबरोबर चालत होती.

आई सरकून सरकून फळीच्या एका कडेला आली होती. उरलेली जागा रिकामी होती.

५

खोलीवर पोचताच बबडी एकटी ऑफिसात गेली. खरं काय ते सांगून टाकायचं, फरक भरायचा, दंड भरायचा, प्रकरण संपवायचं. खोटं सांगितलं की माणूस आपल्याच सावल्यांना भितो, हे तिला आता स्वच्छ कळलं होतं आणि तसं कळल्याने बरंही वाटत होतं.

उद्यानाचा अधिकारी सदऱ्याच्या टोकाने दुर्बिणीची काच पुसत होता. पंखा गरम हवा इकडून तिकडे करत होता.

"आमची चूक झाली," बबडी म्हणाली. "वडिलांनी चौघं सांगितले. आम्ही तिघंच आहोत. जो काय दंड असेल तो भरते."

"तिघं."

"हो."

त्याने टेबलावरचा वॉकीटॉकी उचलला. "मनोरा. चौकोनी तिकिटाचे किती?"

"चार," खरखरत उत्तर आलं. "दोघं खोलीच्या दारात. एक बाई तुमच्याकडे."

"आणि?"

"एक तिच्या मागे निघाला होता. अर्ध्यात थांबला. आता तिथेच उभा आहे."

बबडीच्या मागे दार सताड उघडं होतं. ती वळली. ऑफिस आणि खोल्या यांच्यामध्ये पांढरी सपाट जमीन, आणि तिच्यावर थरथरणारी हवा. एका जागी ती हवा थरथरत नव्हती. बबडीने डोळे मिटून उघडले, तेव्हा ती जागा कोणती ते तिला पुन्हा सापडलं नाही.

"कोण लागतो तो तुमचा?" अधिकाऱ्याने विचारलं.

"तिथे कोणी नाहीये."

"बाई, बसा." तो स्वतः उठून उभा राहिला. "लोक इथे काय काय टाकून जातात, तुम्हाला कल्पना नाही. तिकिटावर चौघं, जाताना तिघं. अंथरुणाला खिळलेला सासरा. डोक्याने कमी असलेला भाऊ. आणि जायच्या आधी इथे येतात, याच खुर्चीत बसतात, म्हणतात मोजण्यात चूक झाली. दंड भरायला तेही तयार असतात."

"आम्ही तसले लोक नाही!"

"तसले लोक दिसायला असेच असतात. म्हणून नियम केलाय. जितके आत, तितके बाहेर. आकडा जुळल्याशिवाय फाटकाचा दांडा उचलायचा नाही." त्याने दुर्बीण डोळ्यांना लावली आणि तिच्या खांद्यावरून बाहेर बघितलं. बराच वेळ बघितलं. "शिकलेल्या दिसता. लाज वाटते का त्याची?"

असा नियम कुठल्या परिषदेत कोणी मांडला असता, तर सगळ्यात आधी बबडीने टाळ्या वाजवल्या असत्या. तेच तिला सुचत राहिलं.

"तो डोकं झाकत नाही," अधिकारी दुर्बीण न काढता म्हणाला. "जाताना त्याला घेऊन जा."

ती धावत गेली नाही. सरळ रेषेतही गेली नाही. त्या मोकळ्या जमिनीला वळसा घालून, भिंतीभिंतीने गेली.

६

खोलीत आईने डब्याचे चार वाटे केले होते. ब्रेड, उकडलेली अंडी. चौथा वाटा रुमालाने झाकलेला.

"आई, हे काय?"

"असू दे गं. तुझ्या बाबांनी आणलाय म्हटल्यावर उपाशी ठेवू का?" ती हे हसत म्हणाली खरी. पण रुमालाची कड दुमडून नीट करत होती, माशी बसू नये म्हणून. हसणाऱ्या माणसाचे हात तसे हलत नाहीत.

बबडीने कॅन बघितले. चौथा संपला होता. आईचाही संपत आला होता, आणि उरलेल्या दोन्हींत तळाशी घोटघोटच.

"अगं, घेतलं त्याने," आई म्हणाली. "तहानलेला होता."

"कोणी घेतलं?"

आई गोंधळली. "मी काय म्हणाले?"

कंडक्टर भिंतीला टेकून बसले होते. फळ्यांवरून परत आल्यापासून ते एकदाही हसले नव्हते. त्यांनी मुलीला खुणेने जवळ बोलावलं आणि दाराकडे तोंड करून, ओठ न हलवता ते बोलले.

"बस भरली की मी मागे वळून कधी मोजायचो नाही. लागायचंच नाही. एक जण जास्त असला की पाठीला कळायचं. गाडीची हवाच बदलते." त्यांनी पाठ भिंतीला आणखी घट्ट लावली. "बबडे, खोलीत चौघं आहेत. मी सकाळी गंमत म्हणून ओरडलो, तेव्हापासून."

"बाबा, तुम्ही दमलायत. ऊन लागलंय."

"असेल. तू पण दमलीयेस. मग मला सांग, तू त्या पलंगाला वळसा घालून का आलीस?"

ती कशी आली, ते तिला आठवत नव्हतं. पण पलंग आणि दार यांच्यामध्ये सरळ वाट होती, आणि ती त्या वाटेने आलेली नव्हती.

"आत्ता निघायचं," ती म्हणाली. "सामान राहू दे."

७

फाटकावर दांडा आडवा होता, त्याला कुलूप. पलीकडे रस्ता, आणि रस्त्याच्या कडेला पाण्याचा नळ. नळ ठिबकत होता. ते इकडून दिसत होतं.

फाटकवाल्याने काठीने गाडीच्या काचांवर टकटक केली. वाकून आत बघितलं.

"तीन."

"तीनच आहोत," बबडी म्हणाली.

"चौघं आत गेलेत." तो आपल्या छपराखाली जाऊन बसला.

तिने काय नाही केलं. आरडाओरडा केला, कायदा सांगितला, हात जोडले. इंजिन तापलं म्हणून गाडीतली थंड हवा बंद करावी लागली. दारं उघडली तर भट्टीचं तोंड उघडल्यासारखं झालं. आई मागच्या सीटवर आडवी झाली. कॅनमधलं उरलेलं घोटभर पाणी तिला पाजून संपलं. आधी तिला घाम येत होता. मग येईनासा झाला. बबडीला त्याचा अर्थ माहीत होता.

"निदान पाणी द्या. तिला किडनीचा त्रास आहे."

"चौघांचं दिलं होतं."

ती दांड्याखालून वाकून नळाकडे निघाली, तर फाटकवाल्याची काठी तिच्या छातीवर आडवी आली. जोरात नाही. पण हटलीही नाही. "माणूस टाकून पळणारे असेच वाकून जातात," तो म्हणाला.

कंडक्टर गाडीतून उतरले. मागे, जिकडून आले त्या पांढऱ्या मोकळ्या रानाकडे तोंड करून उभे राहिले, आणि आयुष्यभर हजारो लोकांना घातली तीच हाळी त्यांनी घातली. "चला, चला! गाडी सुटतेय!"

"बाबा, काय करताय हे?"

"तिला पाणी पाहिजे, बबडे," ते म्हणाले. त्यांनी गाडीच्या पत्र्यावर दोनदा थाप मारली. "चल रे ए! पुरे झालं आता!"

काही हललं नाही. मागच्या सीटवरून आईनेही हाक मारली, "ये रे बाळा," पण ती इतकी बारीक होती की दारापर्यंतच पोचली. मग ती काजांबद्दल बोलायला लागली. एवढी काजं राहिलीत, उद्या शेठ माणूस पाठवेल, दोरा संपलाय. डोळे उघडे होते आणि बघत कुठेच नव्हते.

फाटकवाला छपराखालून म्हणाला, "रुसलाय."

त्याने काठी मांडीवर आडवी घेतली.

"आईबापांची हाक ऐकणार नाही तो. तुम्ही मारा. तो नाहीच म्हणून सांगायला ऑफिसात तुम्हीच गेला होतात ना?"

"मला भाऊ नाही," बबडी म्हणाली.

"मग बसा."

ती बसली नाही. गाडीच्या दाराशी उभी राहिली. तिने आयुष्यात ज्या काही थोड्या गोष्टी घट्ट धरल्या होत्या, त्यात ही एक होती: जे नाही ते आहे म्हणायचं नाही. त्यासाठी तिने तिकडे भांडणं केली होती, एक चांगली जागा सोडली होती. तिने आईचा हात हातात घेतला. चिमटीत धरलेली कातडी सोडल्यावरही तशीच उभी राहिली, खाली बसलीच नाही.

बबडी वळली. पायांखाली रेती होती, समोर रेती होती, आणि तिच्यावर सगळं थरथरत होतं. काय म्हणून हाक मारायची? बाबांनी खिडकीत सांगितलेला मुलगा गाडी चालवणारा होता. म्हणजे थोरला. दुकानदारांना, बसवाल्यांना, वाटेत पत्ता सांगणाऱ्या अनोळखी माणसांना तिने हा शब्द हजारदा वापरला होता. घरातल्या कोणाला कधीच नाही.

"दादा," ती म्हणाली.

"मनापासून," फाटकवाला म्हणाला.

"दादा!" आणि एकदा तोंड उघडल्यावर ते तिच्या हातात राहिलं नाही. "ए दादा! चल ना रे! माझं चुकलं. आई बघ कशी करतेय, ये ना लवकर!" तिला खरोखरच रडू आलं, आणि तो कुठे राहिला या काळजीने आलं.

"आलो गं."

समोरून नाही. अगदी जवळून. घरात दुसऱ्या खोलीतून कोणी ओ द्यावी, इतक्या साध्या आवाजात.

८

फाटकवाल्याने पुन्हा वाकून आत बघितलं. या वेळी त्याने बोट हलवत मोजलं. बोट चार वेळा हललं. मग त्याने कुलूप काढलं.

बबडीने गाडी नळापाशी उभी केली. कंडक्टर उतरले, बाटली भरून आणली, पुन्हा तिच्या शेजारी बसले, आणि मागे न वळता त्यांनी हात खांद्यावरून मागे नेला. बाटली त्यांच्या हातातून अलगद काढून घेतली गेली.

पाणी पाजल्याचा आवाज आला. थोडं थोडं, थांबून थांबून, अर्धवट शुद्धीतल्या माणसाला पाजतात तसं. बबडीला आरशात बघायचं नव्हतं, पण गाडी चालवणाऱ्याला आरशात बघावंच लागतं. आईचं डोकं मघाशी सीटवर होतं. आता ते मांडीभर उंचीवर होतं. तिच्या केसांतून एक हात फिरत होता. उन्हाने रापलेला, साधा हात. मनगटाच्या वरचं तिने बघितलं नाही.

"बरं वाटतंय," आई म्हणाली. आवाज पूर्वीसारखा. शुद्धीतला. ती कोणाशी बोलली ते कोणी विचारलं नाही.

रस्ता लांबलचक होता. फाटक मागे पडलं, मनोरा मागे पडला. पुढे एके ठिकाणी रस्त्याला दोन फाटे फुटत होते. एक घराकडे जाणारा, एक कुठेतरीच.

"घर किती लांब आहे गं आपलं?" मागून त्या साध्या आवाजाने विचारलं.

कंडक्टरांनी खिडकीबाहेर तोंड फिरवलं. जन्मभर प्रवाशांच्या याच प्रश्नाला न चुकता उत्तर दिलेला माणूस; त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले.

बबडीला काहीही सांगता आलं असतं. गाडी दुसऱ्या फाट्याला घालता आली असती. आरशात आईचा श्वास संथ चालला होता, आणि तिच्या कपाळावरचा हात फिरायचा थांबला होता. तो उत्तराची वाट बघत होता.

तिने खरं तेच सांगितलं.